उजवा म्हणजे डावा

१४ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नृत्यमंडळाची नोटीस वाचली. सव्वीस वर्षं बॅले शिकवणाऱ्या बाईला ‘प्रमाणपत्र नसेल तर ऑगस्टपासून वर्ग बंद’ असं लिहायला यांचा हात धजावला तरी कसा! पण रुसून बसू नकोस, फॉर्म भर. बाबा म्हणतो, त्याची बहीण परीक्षेला बसणार म्हणजे अभ्यास परीक्षकांनी करायचा.

मी मागच्याच महिन्यात पास झालेय, म्हणून शहाणपणा शिकवते. आधी दहा मुलांना शिकवून दाखवायचं, मग रांगेत उभं राहून स्वतः नाचायचं. मुलांना गाढव म्हणायचं नाही.

माझी बातमी: इथल्या मोठ्या अकादमीत शिक्षिकेची जागा मिळाली! ऑगस्टपासून पक्की, तोवर शिकाऊ.

लोभ आहेच, थोडा अभ्यासावरही असावा.
तुझी भिंगरी

२ मे

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

बातमी वाचून मी उडी मारली. खालच्या शेजारणीला वाटलं, कपाट पडलं.

फॉर्म भरला. पण एक भानगड आहे. आमच्या हॉलमध्ये आरसा नाही. मुलांकडे तोंड करून उभं राहायचं, ‘उजवा’ म्हणायचं आणि आपला डावा उचलायचा, म्हणजे समोरच्यांचा बरोबर उजवा उठतो. सव्वीस वर्षं हेच केल्यावर माझा उजवा कुठला, हे मलाच ठाऊक नाही. टॅक्सीवाले मला घाबरतात.

गाढव नाही, तर माकड चालेल का? कळव.

माया आहे तशीच, दोन्ही बाजूंनी.
आत्या

९ मे

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

माकडही नाही.

भिंगरी

२० जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

परीक्षा झाली. पडद्याला धरून रडणारी एक चिमुरडी शेवटी इतक्या उड्या मारायला लागली की परीक्षक बाई पेन खाली ठेवून बघत राहिल्या. तुझ्याच वयाच्या असतील.

मग रांग. उजवा पाय म्हणाल्या. नऊ जणी तिकडे, मी इकडे. शेजारची बाई आणि मी, दोघी जमिनीवर. पुन्हा करू म्हणाल्या. पुन्हा डावा. तिसऱ्यांदा हातावर ‘उ’ लिहून गेले, पण पाय कुठे वाचतात?

निकाल: शिकवणे उत्तम, नाचणे नापास. फेरपरीक्षा सहा महिन्यांनी. तोवर प्रमाणपत्रवाली शिक्षिका उभी केली नाही तर हॉल जाणार. एकतीस मुलं आहेत.

तू यावंस असं मी म्हणत नाहीये. नीट वाच, म्हणत नाहीये. अकादमी सोडलीस तर दारात उभी करणार नाही.

आशीर्वाद आहेतच, कमी पडले तर कळव.
आत्या

४ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सहा महिने जागा राखून ठेवाल का, असं मी अकादमीत विचारलं. मोठ्या बाई म्हणाल्या, बाहेर रांग लागलीय. मग मी नको म्हणून आले.

तुझ्यावर उपकार वगैरे नाही हं. इथे तिन्ही भिंतींना आरसे आहेत. परवा एका मुलीने मला विचारलं, बाई, तुम्ही आमच्याकडे कधी बघता? मी आरशात बघूनच शिकवत होते. तुझ्याकडे आरसा नाही, तिथेच शिकेन म्हणते.

रडू नकोस, ते माझं करून झालंय. अट एकच: मी शिकवणार, तू रांगेत उभी राहणार.

राग आला तरी लोभ सोडू नये.
भिंगरी

२६ जुलै

ती. बाईंस,
सा. न. वि. वि.

जागा सोडलीत म्हणून आपल्या वडिलांना फोन करून आपल्याला यथेच्छ शिव्या दिल्या. मग नाक पुसलं आणि हॉल झाडायला घेतला.

पटावर बत्तिसावं नाव माझं घातलंय. वयाच्या रकान्यात शाई सांडली. येत्या एक तारखेला मी पहिल्या रांगेत उभी राहणार होते, पण मुलांनी मागे पिटाळलं. उंच असतील त्यांनी मागे, हा नियम माझाच निघाला. इतक्या मागून आपण नीट दिसाल ना, एवढीच धाकधूक आहे.

लोभ असावा आणि अधूनमधून मागच्या रांगेकडेही बघावं.

आपली नम्र विद्यार्थिनी,
आत्या