दामिनीची लस आणि परसरामची किनार

आंधळगाव, मंगळवार

ती. शोभाताई व भाऊजींना धाकट्या टेकचंदचा नमस्कार. भाऊजींची कंबर एव्हाना सरळ झाली असेल. इकडे सगळे खुशाल, फक्त आमच्या दामिनीचा दंड दुखून राहिला आहे. त्याचेच सविस्तर लिहितो.

आपली माय ज्या गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरने गेली, त्याची लस मुलींना देतात. आजवर परदेशी कंपनीचीच मिळे. किंमत ऐकून मी औषधाच्या दुकानातून परत फिरायचो. (दुकानदार भला, दर वेळी पाणी विचारायचा.) आता देशी आली. आनंदाने घरी सांगितले, तर तुझी भावजय आनंदा म्हणते, "सस्ती म्हणजे डुप्लिकेट. माह्या पोरीले टोचू देणार नाही."

मी तिला पेटंट समजावले. शोध लावणाऱ्याचा काही वर्षे हक्क, तो सरला की दुसऱ्यांनाही बनवता येते, आणि सरकार तपासल्याशिवाय विकू देत नाही. तिने शांतपणे ऐकले. मग म्हणाली, "मंग परसरामनं तुमची किनार पावरलूमवर काढली, तवा चोर चोर काहून बोंबलले?"

(परसराम तुला आठवतच असेल, आपल्या गल्लीतला विणकर. माझ्या हातमागावरची साडीची किनार त्याने उचलली, तेव्हापासून आमचे बोलणे बंद होते.)

लस खरी की खोटी, हे डॉक्टरांनाच विचारावे म्हणून भंडाऱ्याला गेलो, तर दवाखान्याच्या बाकावर परसराम, त्याची बायको शकुबाई आणि मुलगी गुड्डी. गुड्डीला नुकतीच तीच देशी लस दिलेली. मी मान वळवणार, तोच तो सरकून म्हणाला, "बसा न, टेकचंदभाऊ." बसलो. मग तो म्हणाला, "तुमच्या मायनंच मले माग शिकवला. ते किनार बी तिनंच दाखवली. तिच्या वक्ताले हे लस असती तं..."

संध्याकाळी शकुबाई गुड्डीला घेऊन आमच्या घरी आली. माझ्या पेटंटने जे झाले नाही, ते त्या दोघींनी चहा संपायच्या आत केले. काल दामिनीला लस दिली. त्या हाताने झाडू उचलत नाही म्हणते, मोबाइल उचलतो.

तुझा,
टेकचंद

ता. क. लस मुलींसाठी, पण डॉक्टर म्हणाले, तुझ्या वयाच्या बायांनी तपासणी करावी. तुझे नाव लावून आलो आहे. येत्या शुक्रवारी ये.

ता. क. २ : आनंदा म्हणते, एवढ्यासाठी पत्र कायले, फोन करा. पण फोनवर हा विषय काढला की तू भाऊजींच्या हातात फोन देतेस.