पगाराच्या कार्डांत फरक नाही

३ जुलै १९६७, सोमवार

सुलभा म्हणते, मनात कुढू नका, लिहून काढा. म्हणून ही रोजनिशी. वास्तविक मी घाबरलेलो नाही. फक्त भीमाचार्य साहेबांची घंटा वाजली की मी खुर्चीवरून उठून उभा राहतो, आणि ती दिवसभर वाजते.

परिस्थिती अशी. बेंगळुरातल्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला आहे. दर माणसामागे पगाराचं एक भोकं पाडलेलं कार्ड. मी लिहिलेला प्रोग्रॅम मागच्या महिन्याचा गठ्ठा आणि या महिन्याचा गठ्ठा शेजारी शेजारी वाचणार, फरक असेल तो छापणार, आणि जुळलेली कार्डं टेपवर चढवणार. टेपवर जो असेल त्याला पगार. हे जमलं तर मी नोकरीत कन्फर्म. नाही जमलं तर पुण्याला सासऱ्यांच्या छत्र्यांच्या दुकानात. सासरे फार शांत बोलतात. त्यांचीही भीती वाटते.

५ जुलै

पहिला रन. एअरकंडिशन्ड मशीनरूममध्ये स्वेटर घालून थरथरत होतो. थंडीमुळेच. बटण दाबलं आणि प्रिंटर जो सुटला तो थांबेचना. प्रोग्रॅमच्या मते कारखान्यातला प्रत्येक माणूस बदलला आहे. कागदाच्या घड्या गुडघ्यापर्यंत आल्या. घंटा वाजली.

६ जुलै

दोष व्होल्टेजचा आहे. तसं साहेबांना सांगितलं. त्यांनी सगळे छापील कागद स्वतःच्या टेबलावर आणून ठेवायला लावले. हे ओरडण्यापेक्षा वाईट. दुपारी डबा खाल्ला नाही.

८ जुलै

साहेबांनी छापील कागदाची पहिली ओळ वाचली. मग चष्मा काढला आणि इंग्रजीत विचारलं, "मिस्टर विद्याधर, हा श्री कुठल्या डिपार्टमेंटला आहे?"

झालं होतं असं की पंचिंगच्या हेमलताबाईंना सांगून मी नव्या गठ्ठ्याच्या वर एक जादा कार्ड पंच करून घेतलं होतं. नुसतं 'श्री'. आमच्याकडे धोब्याच्या हिशेबालाही आधी श्री लागतो. ही तर सरकारी नोकरी. हेमलताबाईंच्या मराठी घराण्याला बेंगळुरात येऊन तीनशे वर्षं झाली तरी त्यांच्याकडेही हीच पद्धत, त्यामुळे त्यांनी काही विचारलं नाही. पण जुन्या गठ्ठ्याला श्री नव्हता. म्हणून पहिल्या माणसाची तुलना श्रीशी, दुसऱ्याची पहिल्याशी, अशी सगळी रांग शेवटपर्यंत एकेक घर सरकली. साहेब म्हणाले, काढा ते.

१० जुलै

काढलं. लगेच मशीनने एक कार्ड चावलं, पार चुरगळून टाकलं. मला काय समजायचं ते समजलं. श्री परत ठेवला. साहेबांना बोललो नाही. प्रोग्रॅमच बदलायचा. एवढा निश्चय मी आयुष्यात कधी केला नव्हता.

१४ जुलै

जमलं! कार्ड जुळलं नाही तर प्रोग्रॅम आता गाजावाजा न करता नव्या गठ्ठ्यातलं पुढचं कार्ड घेतो, ते नाही तर त्याच्या पुढचं, जुळेपर्यंत. छापायची सूचना मी काढूनच टाकली. प्रिंटर सुरू झाला की घंटा वाजते. श्री गुपचूप बाजूला, बाकी सगळे जुळले. शेवटी एकच ओळ: फरक नाही. साहेबांनी मान हलवली. श्रीचं कार्ड मी गठ्ठ्यातून काढून खिशात घातलं, पुढच्या महिन्यात पुन्हा वर ठेवायला, आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

१५ जुलै

जयनगरच्या बसमध्ये एकदम विचार आला. एखाद्याचं कार्ड खरोखरच बदललं असेल तर? त्याचं जुनं कार्ड कशाशीच जुळणार नाही. प्रोग्रॅम पुढचं, त्याच्या पुढचं करत उरलेला गठ्ठा गिळून टाकेल. वर म्हणेल, फरक नाही. उतरायचा स्टॉप गेला.

सोमवारी बदललेलं कार्ड घालून टेस्ट घ्यायची. ठरलं.

१७ जुलै

मशीन दुसऱ्यांनी बुक केलेलं. बरं झालं. सर्दीही होती.

३१ जुलै

पगार बिनचूक. कुणाचंच कार्ड बदललं नव्हतं. टेस्टची खरं तर गरज नाही.

३१ ऑगस्ट

याही महिन्यात बिनचूक. तरी पहाटेपर्यंत डोळा लागला नाही. खरं सांगून मोकळं व्हावं.

२ सप्टेंबर, शनिवार

सगळं कबूल करायला साहेबांच्या केबिनबाहेर उभा राहिलो. आत शिरलो तर त्यांनी हात पुढे केला. कन्फर्मेशन! सगळ्यांसमोर बोलायला लावलं. मी म्हणालो, माणूस चुकतो, मशीन चुकत नाही. कॅशियर प्राणेशने टाळ्या वाजवल्या. एवढ्या टाळ्यांनंतर बगचा विषय काढणं उद्धटपणा झाला असता.

२८ सप्टेंबर

हेमलताबाईंनी माझं नवं कार्ड पंच केलं. नवी ग्रेड! नोकरीत सगळ्यांत नवा मी, म्हणून माझं कार्ड गठ्ठ्यात सगळ्यांत शेवटी. या महिन्यात अख्ख्या कारखान्यात बदललेलं कार्ड एकच, माझं. हेमलताबाई म्हणाल्या, आता तरी स्वल्प हसा, अण्णा. हसलो. आज कशाचीच भीती वाटली नाही.

३० सप्टेंबर, शनिवार

पगाराची रांग. माझा नंबर आला. प्राणेशने यादीवरून बोट फिरवलं, परत फिरवलं. म्हणाला, "अण्णा, तुमचं नावच नाही की हो. आणि मशीन चुकत नाही, तुम्हीच सांगितलं होतं."

माझं कार्ड कुठे गेलं ते या कारखान्यात फक्त मला ठाऊक आहे. सांगायचं म्हणजे जुलैपासूनचं सांगावं लागणार. मी कानडीत म्हणालो, सरी, म्हणजे ठीक आहे, बघतो.

घरी येताना शांतपणे विचार केला. पुढच्या महिन्यात माझं हे नवं कार्ड जुन्या गठ्ठ्यात असेल. म्हणजे दोन्हीकडे सारखं, म्हणजे जुळेल. बग आपोआप दुरुस्त! फक्त या महिन्याचा पगार गेला. सुलभाला म्हटलं, कन्फर्म झालेल्यांचा पहिला पगार उशिरा येतो. तिने मान्य केलं. मग भात वाढता वाढता विचारलं, आणि इन्क्रिमेंट कधी? म्हटलं, एप्रिलमध्ये, तेव्हा सगळ्यांचंच होतं.

बोललो आणि हातातला घास परत ताटात ठेवला. सगळ्यांचं म्हणजे सगळ्यांची कार्डं बदलणार. पहिलंच कार्ड जुळणार नाही. टेपवर एकही माणूस चढणार नाही, भीमाचार्य साहेबसुद्धा.

आता लपवण्यात अर्थ नाही. उद्याच्या उद्या साहेबांना सगळं सांगणार. अगदी नक्की.

उद्या रविवार आहे. परवा गांधीजयंती.