रिकाम्या कड्यातला काटा

६ जानेवारी
आलो एकदाचे! क्वार्टर पॅनेलरूमला लागूनच, मधे एकच भिंत. कामावर जायला चपला घालायचीही गरज नाही. हिने स्वयंपाकघराची खिडकी बघितली आणि नोकरी पास करून टाकली. माझं मत कोण विचारतंय! पॅनेलरूम विजेच्या मीटरांच्या पत्र्याच्या कपाटांनी खचाखच भरलेली. इथल्या जुन्या फिटरला सगळे हुंकारकाका म्हणतात, कारण काहीही विचारा, उत्तर एकच, हूं. आमचं जमेल.

९ जानेवारी
साहेबांनी जळक्या सीट्यांचं खोकं पुढ्यात ठेवलं. सीटी म्हणजे बांगडीएवढं कडं. मधल्या भोकातून जाडी केबल जाते, आणि तिचा मोठा प्रवाह ही बया शेकडो पटींनी कमी करून बारीक तारांनी मीटरकडे पोचवते. गरीब वस्तू, पण काय हाल केलेत तिचे! एकीत ओल शिरलेली, एकीचा स्क्रू ढिला राहून टोक काळं पडलेलं, एकीवर झेपणार नाही इतका भार. बाकीच्यांचे मारेकरी आपलेच भाऊबंद. लाईन चालू असताना मीटर काढला आणि सीटीची दोन टोकं पट्टीने जोडायला विसरले. टोकं मोकळी राहिली की प्रवाहाला वाट उरत नाही, त्यांच्यावर हजारो व्होल्ट चढतात. सीटी आधी गुणगुणते, मग जळते. धंद्यातला हा पहिला धडा, तरी माणसं विसरतात.

१३ जानेवारी
कोपऱ्यातल्या कपाटात एक गंमत सापडली. सीटीचं कडं रिकामं, केबल कधीच काढून नेलेली. तरी मीटरचा काटा हलतोय! वर, खाली, वर, खाली. शेजारच्या लाईनचा परिणाम असणार, दुसरं काय. हुंकारकाका आज पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलले. म्हणाले, त्याला हात लावू नकोस. मग विचारलं, घरी कोण कोण असतं? म्हटलं, आम्ही दोघंच. काकांनी कपाटाचं दार लावून घेतलं.

१६ जानेवारी
ही धुणं घेऊन जिना धडाधड चढली. भिंतीपलीकडून पावलं ऐकू आली आणि इकडे काटा तुरुतुरु पळायला लागला. दुपारी ती जरा आडवी झाली, तर संथ. योगायोग! हसलो, पण हसू काही नीट आलं नाही. हिला सांगितलं नाही, उगाच जिवाला घोर. काकांना विचारलं. म्हणाले, तुझ्या आधीच्या माणसाची आई राहायची त्याच क्वार्टरमध्ये. तेव्हाही असाच हलायचा. आई आता कुठे असते म्हटलं, तर हूं.

२० जानेवारी
काका रजेवर. साहेब म्हणाले, तो कोपऱ्यातला मीटर नव्या पॅनेलला हवाय, आत्ताच्या आत्ता. काटा आपोआप हलतो म्हणत मी टाळाटाळ केली, तर म्हणाले, भुताची तक्रार लेखी आण. सगळे हसले. मीही हसलो. काढला मीटर. पट्टी लावली नाही. कड्यात केबलच नाही, मग प्रवाह येणार कुठून, असा हिशेब केला मी. शहाणा!

सीटी गुणगुणायला लागली. भिंतीपलीकडे काहीतरी धपकन पडलं.

२० जानेवारी, दुपार
ही जमिनीवर. हात छातीवर, ओठ निळे. डॉक्टरांना फोन केला, निघालेत — पण ही तोवर कुठली टिकते? धावत इकडे आलो. मीटर साहेबांनी नेलाय. टोकांना पट्टी लावली, वितळली. तांब्याची तार लावली, तीही —

बोटं लावली. अंगठा एका टोकाला, तर्जनी दुसऱ्याला. गुणगुण थांबली. पलीकडे हिने मोठ्ठा श्वास घेतला, भिंतीतून ऐकला मी. ढसाढसा रडलो.

नंतर
डावा हात आत. उजव्याने लिहितोय. मुंग्या खांद्यापर्यंत आल्यात. दातखीळ बसलीय, हाक मारता येत नाही. म्हणून हे लिहून ठेवतो: कुणीही आलं तर माझा हात काढू नका. हात निघाला तर ती जाईल.

डॉक्टर येऊन गेले वाटतं. ठणठणीत आहे, म्हणाले. ऐकलं मी. देवा —

दंड बधिर. सोडायचं नाही. सोडायचं —

ती हाका मारतेय. चपला वाजल्या. नको, येऊ नकोस, तिथेच —

आली. मला बघून किंचाळली. वही दाखवतोय, बघतच नाही — रडतेय — म्हणतेय, आधी हात काढ, आधी हात — अगं वाच ना — दोन्ही हातांनी माझं मनगट धरलंय, ओढ