राजाच्या गालिच्यावरचा डाग

तीर्थरूप आईला जयपूरहून शालनचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. संध्याकाळी डोळे चुरचुरतात, एवढंच.

पण कारखान्यात डोकं फिरलंय! फ्रान्सच्या राजासाठी पूर्वी विणलेल्या गालिच्याची आम्ही हुबेहूब नक्कल करतोय. मूळ गालिच्यावर कधीतरी निखारा पडला होता, तर गिऱ्हाइकाला तो जळका डागसुद्धा हवाय. फुलं झाली, डाग काही जमेना. पुन्हा उसवलाय. विणकर विचारतो, "मॅडमजी, बीडी लगा दूँ क्या?"

आप्पांचा हात अजून थरथरतो का गं? त्यांच्या हातून उदबत्ती पडून सतरंजी जळली, त्यावर तू अजून पाट ठेवतेस ना? उचल तो. इथे डाग विणून मी मेटाकुटीला आलेय, आणि तू आयता मिळालेला झाकतेस!

तुझीच,
शालन