चाळीस ओळींचं पान

सोमवार, ४
आलो एकदाचा! आरोग्य कचेरीनं दिलेली खोली झकास आहे. खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. तापाच्या साथीमुळे शाळा सध्या बंद. माझं काम म्हटलं तर सोपं. एक रोगी सरासरी किती जणांना ताप देतो, ते काढायचं. एकाहून जास्त आलं तर साथ वाढते, कमी आलं तर विझते. नोंदवही सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या कारकुनांना सगळे आप्पा म्हणतात. अक्षर मोत्यासारखं, स्वभाव मिरचीसारखा. माझी खुर्ची त्यांच्या कपाटाला टेकलेली. मी जरा रेललो की डोळे वटारतात.

बुधवार, ६
वही पाहून जीव भांड्यात पडला. गेले बारा दिवस रोज चाळीस नवे रोगी, ना एक कमी, ना एक जास्त. इतकी शिस्तीची साथ मी पाहिली नव्हती. म्हणजे एकामागे एकच, वाढ थांबलीय. मुख्य डॉक्टरीणबाईंनी खात्री आहे ना, असं दोनदा विचारलं. म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला?

शनिवार, ९
माझ्या अहवालावरून शाळा उघडली. मैदान पोरांनी गजबजलं. बायकोला फोन करून सांगितलं, चिमणीला घेऊन ये. आठवडाभर थांबू या की, असं ती म्हणाली. मी हसण्यावारी नेलं.

सोमवार, ११
दोघी काल आल्या. चिमणी सात वर्षांची. आज शाळेत गेली आणि दोन मैत्रिणी करून आली. मला विचारलं, बाबा, आज किती? म्हटलं, चाळीस. तिला हा खेळच वाटतो. औषधाच्या दुकानापुढची रांग मात्र पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. चाळीस माणसांच्या मानानं जरा लांबच.

गुरुवार, १४
आप्पा आले नाहीत. ताप. वही भरायला मीच बसलो आणि सहज पानावरच्या छापील ओळी मोजल्या.
चाळीस.
कपाट उघडलं. वहीत न चढवलेल्या रोग्यांच्या फॉर्मचे गठ्ठे अंगावर कोसळले. दहा दिवस मी त्यांना पाठ टेकून बसलो होतो. आप्पांना फोन केला. ते धापा टाकत म्हणाले, "दिवसाला एक पान, हीच पद्धत आहे आमची. उरलेले फॉर्म कपाटात थांबतात, पुढच्या पानांवर ओळीनं लागतात. तुम्ही विचारलं असतं, तर सांगितलं असतं."
मी विचारलं नाही.

शुक्रवार, १५
सगळे फॉर्म ताप सुरू झाल्याच्या तारखेनुसार लावले. ४ तारखेला एकशे साठ. ९ ला तीनशे वीस. १२ ला सहाशे चाळीस. आधी पाच दिवसांत दुप्पट. शाळा उघडल्यावर तीनच दिवसांत. फॉर्मवरचा ‘ताप कोणाकडून’ हा रकाना जुळवला, तर एकामागे एक नाही, तीन. बाईंना सांगितलं. त्यांनी तासाभरात शाळा बंद केली. आप्पा दुपारी गेले.

रविवार, १७
चिमणीचं अंग तापलंय. वर्गातल्या सगळ्याच मुली — बायको माझ्याकडे पाठ करून चिमणीच्या कपाळावर पट्ट्या ठेवतेय. दवाखान्यात जागा नाही. चिमणीनं विचारलं, "बाबा, आज किती?"
मी चाळीसच म्हणालो.

सोमवार, १८
बायकोलाही ताप. मला थंडी वाजतेय. आता मोजायला कचेरीत कोणी उरलं नाही, वही आणि फॉर्मचे गठ्ठे घरी आणले. एकाचे तीन, तिघांचे नऊ, नवांचे — पुढचं करवत नाही.

मंगळवार, १९
दोघींचे फॉर्म मीच भरले. ताप कोणाकडून, या रकान्यात शाळा लिहिलं. खोडलं. वडील लिहिलं.
पान भरत आलंय. चाळिसाव्या ओळीवर बायकोचं नाव. चिमणीचं त्यात बसत नाही. बरंच आहे. तिचा फॉर्म गठ्ठ्याखाली सरकवला. वहीत नाव नाही तोवर ती — आप्पांचीच पद्धत —
मघापासून तिनं "आज किती?" असं विचारलं नाही. हाक मारतोय. ती ओ देत —