तुझ्या खोलीतली झाडं

प्रिय ठकू,

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय, त्याचं नवल वाटून घेऊ नकोस. फोनवरच बोलले असते, पण हल्ली फोनवर तू इतकं जपून बोलतेस की मलाही खोकायची चोरी. शिवाय सकाळपासून माझं बूड एका जागी टेकलेलं नाही. दोन ओळी लिहिते, उठते, एखादी कुंडी सरकवते, परत येऊन बसते. तुझे बाबा म्हणाले, पायाला भिंगरी लावलीय का. मी म्हटलं, हो, तुम्ही तेवढे पाय वर घेऊन बसा.

कामाचं म्हणशील तर जोरात आहे. आता कुणालाच घरात नुसत्या भिंती नको असतात. परवा एका दातांच्या डॉक्टरांकडे झाडं लावली. पेशंट बसतात त्या खोलीत त्यांना जंगल हवं होतं आणि खिडकी म्हणशील तर पोस्टकार्डाएवढी. मी सांगून पाहिलं की दाराजवळ उंचसं स्नेक प्लांट ठेवू, ते काळोख सोसतं आणि आत येणाऱ्याची नजर आधी हिरव्यावर पडते. नाही, त्यांना फर्नच हवं. तिथे फर्न महिनाभरात मान टाकणार हे मला दिसत होतं, पण हौसेला मोल नाही. मग आपली नेहमीची पद्धत. झाड कोमेजलं की ते घरी आणायचं आणि त्याच कुंडीत दुसरं टवटवीत ठेवायचं. गिऱ्हाइकाला वाटतं, आपल्या हाताला गुण आहे. वाटू दे बापड्याला.

घरी आणलेली आजारी झाडं कुठे ठेवते ते तू पाहिलंसच. आपल्या घरात चांगला उजेड एकाच खोलीत, तुझ्या. तू लग्न होऊन गेलीस तेव्हा तिथे एक रबराचं झाड ठेवलं होतं, तेही खोली ओकीबोकी दिसते म्हणून. मग एका बँकेतून परत आलेला पाम आला, मग हॉटेलातल्या पीस लिली आल्या. त्यांच्यासाठी तुझं टेबल बाहेर गेलं, पुढे पलंगही खोलून भिंतीला टेकवला. ठरवून काहीच झालं नाही गं.

त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तू मध्येच विचारलंस, माझी खोली कशी आहे. आणि मी काय केलं, तर गिऱ्हाइकाला दाखवतात तशी खोली दाखवायला लागले. फोन फिरवत फिरवत, हे बघ उंच झाडं मागे, पसरट पुढे, वेल फडताळावरून खाली सोडलेत, पांढरी भिंत कशी उठून दिसतेय. तू हसलीस. म्हणालीस, "छान आहे, आई. जागाच नाही उरली." मी ती शाबासकी समजले. रिकामा कोपरा दिसू द्यायचा नाही, हेच तर माझं काम. बाबांना कौतुकाने सांगितलंसुद्धा. त्यानंतर तुझा फोन आला नाही, तेही कामात असशील म्हणून सोडून दिलं.

काल एका बाईंकडे गेले होते. मुलगा नोकरीसाठी लांब गेलाय, त्याची खोली खायला उठते, झाडांनी भरून द्या म्हणाल्या. मी टेप धरून भिंतीचं माप घेत होते. सहज तोंडातून गेलं, "पण तो अचानक आला तर झोपेल कुठे?" हॉलमध्ये झोपेल, त्यात काय, असं त्या म्हणाल्या, आणि टेप माझ्या हातातून सुटला. ठकू, तुझं ते हसणं मला तेव्हा कुठे ऐकू आलं. त्या कॉलवर तू स्वयंपाकघरात उभी होतीस, दार लावून घेतलं होतंस आणि बाहेर जावईबापूंचा आवाज चढलेला होता. हे सगळं मला दिसत होतं, ऐकू येत होतं, आणि मी तुला भिंतीचा रंग दाखवत बसले होते.

माप अर्धवट टाकून घरी आले. तेव्हापासून कुंड्या हलवतेय. पाम जिन्यात गेला, लिली न्हाणीघरात, वेल बाबांच्या पुस्तकांवर. बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा शोधला आणि पलंगाचे स्क्रू आवळायला बसले. एकही स्क्रू धड बसेना, तर माझ्यावरच चिडले. यातली काही झाडं उजेडावाचून मरतील. मला वाईट वाटेल, पण झाडं नवी आणता येतात.

तुला विचारायचं होतं ते तू विचारलंस, उत्तर मी चुकीचं दिलं. आता नीट देते. तुझी खोली रिकामी आहे. पलंग खिडकीखाली घातलाय, धुतलेली चादर आहे. काय झालं, कुणाचं चुकलं, हे मी विचारणार नाही. बाबांकडूनही तसं कबूल करून घेतलंय. चार दिवसांसाठी ये, नाहीतर कायमची ये. सामान घेता आलं नाही तर तशीच ये. मला खूप भीती वाटतेय, म्हणून लवकर ये. घराची किल्ली तुझ्याकडे आहेच. कालपासून आम्ही दाराला आतून कडी घालत नाही.

तुझीच,
आई