आजची वेणी तुझ्याकडे

राजा,

मी बाहेर पडतोय. घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. घरात राहिलो तर फणी माझ्याच हातात येईल आणि तू पांघरूण डोक्यावर ओढून घेशील, म्हणून जातोय. सूनबाई गेल्यापासून रोज हेच चाललंय.

काल जेवताना तू नवा बेत सांगितलास: पहाटे उठणं, धावणं, ध्यान, वाचन. छान आहे. पण पहिलीच्या पोरांना मी पहिल्याच दिवशी अख्खी बाराखडी कधी शिकवली नाही. तू आज एवढंच कर, लेकीची वेणी घाल.

भिंगरी उठली की फणी घेऊन तुझ्याकडेच येईल, तसं तिला सांगून ठेवलंय. गुंता खालून सोडवत वर जा. तीन पेड सारखे घे. मी पडद्याच्या दोरीवर शिकलो, तरी "आजोबा, ही वेणी आहे की झाडू?" हे ऐकून घेतलंच. तूही ऐकशील. रडली तर हात थांबव, पण उठून जाऊ नकोस. त्या वेळी तिला आई आठवते. तुलाही आठवेल.

एवढं लिहिताना दोनदा चपला काढून तिच्या खोलीत डोकावून आलो. माझा काही भरवसा नाही. म्हणून किल्ली आत खुंटीवरच ठेवून दार ओढून घेतोय. बेल वाजवणार नाही.

खाली बाकावर बसतो. शाळेच्या वेळेला दोघं या. वेणी कशीही आली असली तरी मी ती सोडून पुन्हा घालणार नाही.

बाबा